खेळाडू आणि गुण यांच्यासाठी दुहेरी सॉर्टेड मॅप वापरू का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: जावामध्ये खेळाडू आणि त्याचे गुण अशा जोड्या ठेवायच्या आहेत, नावावरून गुण आणि गुणांवरून नाव मिळायला हवं, शिवाय सगळं कायम गुणांच्या क्रमाने हवं. मग अपाचे कॉमन्स कलेक्शन्स या लायब्ररीतला ट्रीबायडीमॅप (दोन्ही बाजूंनी शोधता येणारा, क्रमाने ठेवणारा दुहेरी मॅप) घ्यावा का?

या कामासाठी घेऊ नका. दुहेरी मॅपमध्ये की (इथे नाव) जशी एकमेव असते, तशी व्हॅल्यूही (इथे गुण) एकमेव असावी लागते. एका खेळाडूचे ८० गुण आधीच असताना दुसऱ्याचे ८० टाकलेत, की पहिल्याची जोडी मुकाट्याने निघून जाते. एरर नाही, वॉर्निंग नाही. माझ्या एका रिपोर्टमध्ये अशाच नोंदी कमी भरत होत्या आणि मी दोन दिवस डेटाबेसची क्वेरी तपासत होतो. गूगलच्या ग्वाव्हा लायब्ररीतला दुहेरी मॅप, बायमॅप, इथे बरा: व्हॅल्यू आधीच असेल तर पुट सरळ एक्सेप्शन फेकतं, जुनी जोडी घालवायचीच असेल तर फोर्सपुट वापरावं लागतं. पण त्याचा हॅशबायमॅप सॉर्टिंग करत नाही.

तुम्हाला हव्यात दोन गोष्टी: नावावरून गुण देणारा हॅशमॅप, आणि (गुण, नाव) अशा जोड्यांचा ट्रीसेट, म्हणजे कायम क्रमाने राहणारा संच. तुलना आधी गुणांची, बरोबरी झाली तर नावाची. गुण बदलताना जुनी जोडी सेटमधून आधी काढा, मग नवी टाका. सेटमध्ये असलेल्या ऑब्जेक्टचे गुण जागच्या जागी बदललेत तर ट्रीचा क्रम बिघडतो आणि तो ऑब्जेक्ट शोधूनही सापडत नाही. रेडिस या इन-मेमरी डेटाबेसचा सॉर्टेड सेटही हॅश टेबल आणि स्किप लिस्ट (मधल्या नोंदींवरून उड्या मारत शोधता येणारी, क्रमाने लावलेली यादी) अशा जोडगोळीवरच चालतो. मात्र 'हा कितवा?' हे ट्रीसेट झटपट सांगू शकत नाही, हेडसेटचा (त्या नोंदीआधीच्या भागाचा) साइझ काढताना तो एकेक नोंद मोजत जातो. रँक वारंवार लागणार असेल तर प्रत्येक नोडमध्ये त्याच्या सबट्रीतल्या नोंदींची संख्या ठेवणारा ट्री लागेल.

ट्रीबायडीमॅप वाईट नाही. त्याची रचना तर मला फार आवडते: नोड एकच, पण तो दोन रेड-ब्लॅक ट्रींमध्ये (स्वतःचा समतोल राखणाऱ्या सर्च ट्रींमध्ये) गुंफलेला, एक कीच्या क्रमाने, दुसरा व्हॅल्यूच्या. युजरनेम आणि आयडी अशा दोन्ही बाजूंनी एकमेव असलेल्या जोड्यांना तो चपखल बसतो. फक्त तिथे समानता जावाच्या इक्वल्स मेथडने नाही, क्रम ठरवणाऱ्या कम्पेअरटू मेथडने ठरते. बिगडेसिमल या जावाच्या दशांश संख्यांच्या प्रकारातले २.० आणि २.०० इक्वल्सला वेगळे वाटतात, कम्पेअरटूला सारखे, त्यामुळे त्यातलं एकच टिकतं.