सगळा उतारच आहे, मग वडिलांना त्रास होणार नाही ना?

प्रश्न असा आहे: सह्याद्रीतून समुद्रापर्यंत पाच-सहा दिवसांत रमतगमत चालत जायचंय, सोबत ६४ वर्षांचे वडील आहेत, मार्ग सुचवा; आणि "तसा सगळा उतारच आहे, त्यामुळे त्यांना त्रास होणार नाही ना?"

होणार. उतारानेच होणार. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहिते आहे, कारण २०१८ च्या डिसेंबरात माझ्या धाकट्या भावाने हेच वाक्य आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून म्हटलं होतं.

आम्ही साताऱ्याचे. बाबा एसटीत कंडक्टर होते, तेव्हा ६६ वर्षांचे. त्यांच्या मनात फार दिवसांपासून एकच होतं: क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरातून निघायचं आणि सावित्रीच्या मागे मागे समुद्राला जायचं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाचही तिथल्याच मानतात. कृष्णा आमच्या दाराजवळून जाते आणि पार बंगालच्या उपसागरापर्यंत चौदाशे किलोमीटर भटकते. सावित्री तेवढी पश्चिमेला उडी टाकते आणि शंभरेक किलोमीटरांत बाणकोटला समुद्रात जाते. बाबा म्हणायचे, "एका घरच्या दोघी, एक लांब दिली, एक जवळ."

भावाने कागद काढला. पाच दिवस, रोज २०-२५ किलोमीटर. "चढ एकही नाही बाबा, घरंगळत जायचं."

पहिल्या दिवशी रडतोंडीच्या घाटाने पार गावात उतरलो. अफजलखानाची फौज १६५९ साली याच वाटेने खाली आली. नाव रडतोंडी का पडलं असेल, ते दुसऱ्या तासाला कळतं. चढताना दम लागतो, माणूस आपोआप थांबतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून थांबत नाही. मांडीचे स्नायू मात्र प्रत्येक पावलाला ताणले जात असताना शरीराचा भार अडवून धरत असतात, आणि गुडघ्यावर सपाटीपेक्षा कितीतरी जास्त दाब येतो. दुखणं त्याच दिवशी दिसतही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटतं. तोवर तुम्ही पुढचा उतार उतरायला घेतलेला असतो.

आमचा पुढचा उतार आंबेनळी घाटाचा होता. पोलादपूरला पोचलो त्या रात्री बाबांच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती. सकाळी लॉजचा जिना ते कठडा धरून, पाठमोरे होऊन उतरले. मी बघत होते. स्टँडवर महाडची गाडी लागलेली होती. बाबांची नजर तिच्यावर गेली. आणि भाऊ म्हणाला, "आता गाडीत बसलात तर मग चाललो असं कसं म्हणायचं?"

ज्या माणसाने बत्तीस वर्षं एसटीत घंटी ओढली, तो त्या एका वाक्यामुळे एसटीत बसला नाही. हायवेच्या कडेने, ट्रकांचा धुरळा खात, वीसेक किलोमीटर चालून महाडला आला. संध्याकाळी उजवा गुडघा भोपळ्यासारखा. डॉक्टरांनी पाणी काढलं आणि घरी जा म्हणाले. समुद्र राहिला.

म्हणून माझं ठाम मत आहे, आणि भावाने वाचलं तरी चालेल: सलग चालण्याचा हट्ट हा तरण्या पोरांनी आपसात करायचा. म्हाताऱ्या माणसाला घेऊन निघालात तर सुंदर तेवढं चालायचं आणि रटाळ ते गाडीने काढायचं. पोलादपूर ते महाड हायवे पायी तुडवून कुणाचं भलं झालेलं नाही. ६५ नंतर एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ नंतर प्रवास फुकट. ही सवलत वापरण्यात कमीपणा कसला?

२०२३ च्या जानेवारीत बाबांना घेऊन मी परत निघाले. ते सत्तरीचे. या खेपेला कागद माझा होता. सहा दिवस, रोज फार तर १०-१२ किलोमीटर, सकाळी सातला निघून अकराला सावलीत. पहिल्या दिवशी फक्त पंचगंगा मंदिर ते महाबळेश्वर गाव, सहाएक किलोमीटर, झाडीतून. रडतोंडी गाळली, पारला गाडीने गेलो. तिथे कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल आहे, रामवरदायिनीचं देऊळ आहे. पारहून प्रतापगडाच्या पायथ्याच्या कुंभरोशीपर्यंत हळूहळू चाललो. आंबेनळीचा फक्त वरचा भाग पायी, तोही दोन काठ्या घेऊन, पावलं आखूड टाकत. नंतर पोलादपूर, महाड एसटीने. महाडला पूर्ण एक दिवस ठेवला. चवदार तळ्याच्या काठावर बाबा बराच वेळ बसले. मग गांधारपाल्याच्या लेण्यांपर्यंत चालत गेलो. पायऱ्या मी एकटीच चढले, ते खाली चहा पीत बसले.

तिथून रिक्षाने दासगावला. आणि इथे जे झालं त्याच्यासाठी मी हा सगळा मार्ग सांगते आहे. बाबा खाडीच्या काठावर उभे होते आणि म्हणाले, "अगं, पाणी उलटं चाललंय." खरंच, सावित्री डोंगराकडे परत जात होती. जाळं आवरणारा एक जण म्हणाला, "भरती लागली." आयुष्यभर कृष्णा एकाच दिशेने जाताना पाहिलेल्या माणसाला नदी मागे फिरते हे पाहून काय वाटलं असेल! अजून समुद्र दिसत नव्हता, कुठल्या कुठे होता, पण तो दासगावपर्यंत येऊन त्यांना भेटला. पुढचा तासभर ते हलले नाहीत. रोज २५ किलोमीटरच्या हिशेबात हा तास बसला नसता.

पाचव्या दिवशी एसटीने मंडणगडवरून वेळास. कासवांमुळे तिथे घरोघरी राहण्याची सोय झालेली आहे, जेवण उत्तम. (पिल्लं पाहायची तर फेब्रुवारी-मार्च, पण तेव्हा ऊन तापतं. चालायला नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच.) सहाव्या दिवशी वेळास, बाणकोटचा किल्ला, वेसवीहून फेरीबोटीने खाडी पार, बागमांडला, हरिहरेश्वर. हा दिवस मात्र आम्ही सगळा पायी केला, बोट सोडून.

भाऊ आजही म्हणतो की तुम्ही काही डोंगर ते समुद्र चाललेला नाहीत. बाबा त्याला उत्तर देत नाहीत. मी देते: तुझ्या हिशेबाने ते महाडपर्यंत पोचले होते, माझ्या हिशेबाने समुद्रापर्यंत.

तुमच्या वडिलांचे गुडघे आधी डॉक्टरांना दाखवा, हे खरं तर मी वर लिहायला हवं होतं. बूट अर्धा नंबर मोठे, नखं कापलेली, टाच घट्ट बांधलेली, म्हणजे उतारावर बोटं पुढे आपटत नाहीत. रडतोंडी करायचीच असेल तर स्थानिक माणूस सोबत घ्या, आणि दुसरा दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवा. तुमचे वडील रोज टेकडी चढत असतील तर माझं निम्मं उत्तर त्यांना लागू नाही. पावसाळ्यात या घाटात जाऊच नका, दरडी येतात. हरिहरेश्वरच्या देवळाची प्रदक्षिणा समुद्राकाठच्या खडकांवरून जाते, ती ओहोटी असेल तरच करा. त्या खडकांवरून लाटेने माणसं ओढून नेलेली आहेत. भरतीची वेळ देवळापाशी विचारा, कुणीही सांगतं.