आकाशदर्शन, शंका-समाधान: शहराच्या उजेडातून काय दिसतं आणि काय नाही

प्रश्न: पुण्यात राहतो. माझ्याकडे आठ इंची डॉब्सोनियन (आरशाची) दुर्बीण आहे. एम ५७ (‘एम’ म्हणजे मेसियेच्या यादीतला क्रमांक) हा ८.८ प्रतीचा तेजोमेघ सहज सापडला, पण ५.७ प्रतीची एम ३३ दीर्घिका दिसतच नाही. प्रतीचा आकडा जितका लहान, तितकी वस्तू तेजस्वी ना? जास्त तेजस्वी वस्तू न दिसण्याचं कारण काय?

दीर्घिकेचा सगळा प्रकाश एका बिंदूत आणला तर ती किती तेजस्वी दिसेल, एवढंच ५.७ हा आकडा सांगतो. प्रत्यक्षात एम ३३चा प्रकाश एक अंशाहून जास्त लांबीवर, म्हणजे पूर्णचंद्राच्या जवळपास दुप्पट अंतरावर, पसरलेला आहे. एम ५७चं कडं जेमतेम दीड कलेचं (६० कला म्हणजे एक अंश). त्याचा एकूण प्रकाश कमी असला तरी तो दाटलेला आहे, म्हणून शहराच्या उजळ आकाशावर उठून दिसतो. नुसता मोठा आरसा घेऊन एम ३३ दिसणार नाही, कारण तो आरसा आकाशाचा उजेडही तितकाच जास्त गोळा करतो. तेव्हा यादी करताना प्रतीसोबत आकारही पाहा. एम ३३, एम १०१ या पसरट दीर्घिका गावाबाहेरच्या अंधारासाठी राखून ठेवा. एम ३१चा फक्त मधला लंबगोल गाभा शहरातून दिसेल. एम १०४ लहान आणि दाट आहे, चित्राच्या पश्चिमेला साधारण अकरा अंशांवर शोधा.

प्रश्न: प्रकाशप्रदूषण कमी करणारा फिल्टर घ्यावा का? त्याने दीर्घिका दिसतील का?

दीर्घिकांसाठी घेऊ नका. दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा असतो आणि तो सगळ्या रंगांत पसरलेला असतो. आकाशाचा उजेड अडवताना फिल्टर तोही अडवतो. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा प्रकाश मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असे, तेव्हा तो गाळणारे साधे फिल्टर उपयोगी पडत. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत असतो, त्यामुळे ते आता फारसे कामाचे राहिले नाहीत.

तेजोमेघांचं मात्र वेगळं आहे. आयनीभूत ऑक्सिजनचा ४९६ व ५०१ आणि हायड्रोजनचा ४८६ नॅनोमीटरचा प्रकाश, एवढाच पट्टा सोडणारा यूएचसी फिल्टर एम ४२, एम ८, एम २७ यांच्यासाठी खरोखर पैसे वसूल करतो. नेत्रिकेला (डोळा लावायच्या भिंगाला) लावण्याआधी तो डोळा आणि नेत्रिका यांच्यामध्ये धरून आतबाहेर सरकवा. तारे मंदावतील, पण मेघ टिकून राहील. कृत्तिकांभोवतीच्या मेघाला याचा उपयोग नाही, कारण तो ताऱ्यांचा परावर्तित प्रकाश आहे.

प्रश्न: गच्चीच्या समोरच सोसायटीचा दिवा आहे. कमी शक्तीची नेत्रिका वापरूनही सगळं फिकट, राखाडी दिसतं. काय करावं?

आधी नेत्रिका बदला. १२०० मि.मी. नाभीय अंतराच्या दुर्बिणीत २५ मि.मी.ची नेत्रिका ४८ पट मोठं दाखवते, १० मि.मी.ची १२० पट. शक्ती वाढली की आकाश काळवंडतं. मेघही तितकाच मंद होतो, पण मोठा दिसतो, आणि मंद वस्तू मोठी असेल तर डोळ्याला चटकन जाणवते. तारे बिंदूच राहत असल्याने गोलाकार तारकागुच्छांना याचा सर्वांत जास्त फायदा होतो. एम १३च्या कडेचे तारे १२० पटीला सुटे होऊ लागतात. २५ने शोधा, १०ने पाहा.

खरं नुकसान मात्र दिव्याचा तिरपा प्रकाश नळीत शिरल्याने होतं, आणि त्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. काळ्या फोमचा साधारण ८० बाय ३० सें.मी.चा तुकडा नळीच्या तोंडाभोवती गुंडाळून पुढे काढा. नळीचा घेर मोजून तुकडा दोन-चार सें.मी. जास्तच कापा. फोम मऊ असला तर आत वाकून आरशाचा प्रकाश अडवतो, म्हणून जाड घ्या. तोंड जड होऊन दुर्बीण खाली झुकू लागली, तर नळी लोखंडी असल्यास मागच्या बाजूला चुंबक लावा. नेत्रिकेच्या समोरच्या आतल्या भिंतीला काळं मखमली कापड चिकटवा. बघताना डोक्यावरून जाड काळं कापड घ्या, पण हनुवटीपाशी फट ठेवा, नाहीतर श्वासाच्या वाफेने नेत्रिका धुरकटते. कापडाखाली दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि वस्तूच्या जरा बाजूला नजर ठेवा.

दिवसभर तापलेली गच्ची रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडते आणि जास्त शक्तीला तारे थरथरतात. दुर्बीण पाऊण तास आधी बाहेर ठेवा आणि वस्तू मध्यमंडलावर, जास्तीत जास्त उंच आलेली असताना पाहा.

प्रश्न: फक्त १० बाय ५०ची द्विनेत्री आहे. काय पाहता येईल?

जानेवारीत कृत्तिका, मृगाच्या तलवारीतला एम ४२ आणि व्याधाच्या चार अंश दक्षिणेला एम ४१ तारकागुच्छ. मार्चमध्ये पुष्यातला एम ४४ तारकागुच्छ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पावसाने हवा धुतलेली असताना, शर्मिष्ठा आणि ययाति यांच्यामधला जोडगुच्छ. कोपरं कठड्यावर टेका, नाहीतर हात थरथरून मंद तारे हरवतात.

मे महिन्यातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ चुकवू नका. उत्तरेकडच्या देशांना तो क्षितिजाखाली राहतो, पण आपल्याला दिसतो. महिन्याच्या मध्यात रात्री साडेदहाच्या सुमारास चित्रा दक्षिणेला मध्यमंडलावर येते. तिथून सरळ खाली ३६ अंश उतरा. पुण्यातून तो क्षितिजापासून साधारण २४ अंशांवर असतो, पणजीत २७, नागपुरात २१. दक्षिणेला मोठे दिवे नसतील अशी गच्ची निवडा. द्विनेत्रीत तो मऊ, गोल धुरकट ठिपका दिसेल.