‘मामी, फक्त तीन जण आणा’: ॲफिलिएटचं ३८ हजारांचं पॅकेज घ्यावं का?

प्रश्न बार्शीच्या एका वाचक ताईंचा आहे. त्या खासगी बालवाडीत शिकवतात, पगार ९ हजार. यजमान टेम्पो चालवतात. ताईंचा यूट्यूबवर स्वयंपाकाचा चॅनेल आहे, २,३०० सबस्क्रायबर. पतसंस्थेतली आरडी पुढच्या महिन्यात पिकतेय. ७२ हजार येतील, ते लेकीच्या अकरावी सायन्सच्या क्लाससाठी साठवलेले. नणंदेचा मुलगा म्हणतोय, त्यातले ३८ हजार भरून ‘ॲफिलिएट नेटवर्क’चं पॅकेज घ्या, तीन जण आणले की वसूल. घेऊ का, असं त्या विचारतात.

ताई, पॅकेज घेऊ नका. ॲफिलिएटचं काम मात्र जरूर करून बघा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भाच्याने त्यांची एकच मोट बांधली आहे.

तुमच्या गावात ज्वारी-तुरीचा एवढा मोठा बाजार आहे, अडत्या कसा कमावतो ते तुम्हाला मी काय सांगू. माल विकला गेला की त्याची अडत. यार्डात शिरायलाच ३८ हजार मागणारा अडत्या पाहिलाय का कधी? ॲफिलिएट म्हणजे हीच अडत, फक्त मोबाइलवर. तुम्ही वस्तूची लिंक देता, कोणी त्या लिंकवरून खरेदी केली तर विकणारी कंपनी तुम्हाला कमिशन देते. ॲमेझॉनचा स्वतःचा असा कार्यक्रम आहे. अर्नकरो, क्यूलिंक्स ही मधली नेटवर्क आहेत, म्हणजे एकाच खात्यावरून बऱ्याच दुकानांच्या लिंका. या तिन्हींत नाव नोंदवायला एक रुपया लागत नाही.

आता तुम्ही पाठवलेलं माहितीपत्रक. मी ते दोनदा वाचलं. चार पानांत विकायची वस्तू कुठली, तर तेच पॅकेज. एक माणूस आणला की १३ हजार, तीन आणले की ३९. तुमची वसुली म्हणजे आणखी तीन घरांची मोडलेली आरडी. प्रत्येकाने तीन-तीन आणले तर अकराव्या फेरीला पावणेदोन लाखांहून जास्त माणसं लागतात. २०११च्या जनगणनेत बार्शी शहर सव्वा लाखाच्या आत होतं. थेट विक्रीच्या २०२१च्या नियमांत पिरॅमिड योजनांना, म्हणजे नवी माणसं आणण्यावरच कमाई देणाऱ्या योजनांना बंदी आहे, मनी सर्क्युलेशनवर (माणसं जोडून पैसे फिरवण्यावर) बंदी घालणारा कायदा तर १९७८चा आहे. ही मंडळी मध्ये ‘कोर्स’ ठेवून आम्ही शिक्षण विकतो असं म्हणतात. ते कायद्यात कुठे बसतं ते कोर्ट बघेल, आपण तोवर थांबायचं कारण नाही. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, सगळ्यात बारीक अक्षरात, ‘पैसे परत मिळणार नाहीत’ असं आहे. तेवढं भाच्याला मोठ्याने वाचायला सांगा.

मग खऱ्या ॲफिलिएटमध्ये किती मिळेल? इथे मी तुमचा थोडा हिरमोड करणार आहे. तुमच्या भाकरीच्या व्हिडिओखाली ‘ताई, तवा कुठून घेतला?’ असं अकरा जणींनी विचारलंय, मी मोजलं. समजा तुम्ही तिथे १,२०० रुपयांच्या लोखंडी तव्याची लिंक दिली. कमिशन ५ टक्के धरू, म्हणजे ६० रुपये. प्रत्यक्षात थोडं कमीच, कारण ते कर वगळून मोजतात. तुमचा व्हिडिओ साधारण ९०० जण बघतात. त्यातल्या पंचवीसेक जणींनी लिंक दाबली आणि एकीने तवा घेतला, तर महिन्याला आठ व्हिडिओंचे झाले ४८० रुपये. ही माझी गृहीतकं आहेत, तुमचे आकडे वेगळे येतील, पण शून्य किती लागतात याचा अंदाज येतो. जमेची बाजू अशी की भाकरीचा व्हिडिओ शिळा होत नाही. वर्षाने शंभर व्हिडिओ झाले की जुन्यांचंही थोडं थोडं येत राहतं.

ॲमेझॉनचे काही नियम आधीच माहीत असू द्या. लिंक दाबल्यापासून २४ तासांत वस्तू कार्टमध्ये गेली पाहिजे. पहिल्या १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं, पुन्हा अर्ज करता येतो. स्वतःच्या लिंकवरून स्वतःच तवा घेतला तर तो धरत नाहीत. माल परत गेला की कमिशनही गेलं. आणि पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतात, म्हणजे ऑक्टोबरमधल्या दिवाळीत विकलेल्या तव्याचे पैसे नाताळ उलटल्यावर. या पैशांवर हप्ता बांधू नका. व्हिडिओत आणि लिंकजवळ ‘यातून मला कमिशन मिळतं’ हे स्पष्ट मराठीत सांगा. तसं सांगणं बंधनकारकच आहे, आणि तुमचे व्हिडिओ बघणाऱ्या बायकांना ते आवडेलही.

कराची धास्ती नको. वर्षाला २० हजारांच्या वर कमिशन गेलं तर २ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापतात, पॅन दिलं नसेल तर २० टक्के, म्हणून पॅन द्या. तुमचं एकूण उत्पन्न करपात्र नाही, विवरणपत्र भरलं की कापलेलं परत मिळेल. जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाख. ती ओलांडलीत तर पेढे घेऊन या.

तर ७२ हजारांना हात लावायचा नाही. उलट ते पतसंस्थेत पुन्हा गुंतवू नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. जूनपर्यंतचाच प्रश्न आहे, बँकेत तेवढ्या मुदतीची एफडी करा. (मी फी घेऊन सल्ला देते, कोणत्याही ठेवीवर मला कमिशन नाही. विषयच कमिशनचा निघालाय म्हणून सांगितलं.) चॅनेलसाठी खर्च करायचाच तर पगारातून दोन हजारांचा कॉलर माईक घ्या. तुमच्या व्हिडिओत कुकरची शिट्टी तुमच्यापेक्षा मोठ्याने बोलते. सहा महिने करा, दर आठवड्याला किती तास गेले ते वहीत लिहा, मग आकडे मला पाठवा.

आणखी एक. तुमचा तो तवा बार्शीच्याच बाजारातला आहे, असं तुम्ही एका उत्तरात लिहिलंय. मग त्या दुकानदाराशी बोला. तो कुरिअर करत असेल, तर तुमच्या नावाने आलेल्या प्रत्येक ऑर्डरमागे शंभर रुपये मागून बघा. ॲमेझॉनच्या साठ रुपयांपेक्षा ते जास्तच.

भाच्याला तोंडावर नाही म्हणणं अवघड जात असेल, तर त्याच्याकडे गेल्या सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट मागा. ॲपवरचा स्क्रीनशॉट नको, पासबुक. आणि विचारा, ‘यातले माणसं आणल्याचे किती आणि वस्तू विकल्याचे किती?’