दारात थांबला की आउट! एअरसॉफ्टवाल्यांचे प्रश्न

या महिन्यात एअरसॉफ्टचीच (खऱ्यासारख्या दिसणाऱ्या गनमधून प्लॅस्टिकच्या गोळ्या मारायचा खेळ, लागलं की आपणच आउट म्हणायचं) पत्रं लई आली, म्हणून कबड्डीवाल्यांनो, तुम्ही जरा दम धरा, तुमचं पुढच्या अंकात.

प्रश्न : भाऊ, आम्ही पोरं नांदेडजवळच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये मालकाला विचारून एअरसॉफ्ट खेळायलोत. माझ्याकडं लांब नळीची रायफल आहे, 400 एफपीएसची (गोळी सेकंदाला 400 फूट). मैदानात मी भारी खेळतो पण जिनिंगमध्ये प्रत्येक दारात आउट व्हायलो. पोरं म्हणायलेत छोटी गन घे, रेड डॉट (नेम धरायची लाल ठिपक्याची साइट) घे. काय घेऊ?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : आधी काहीच घेऊ नको. आणि ती 400 वाली आत नेऊच नको रे बाबा, बंद जागेत बऱ्याच ठिकाणी 0.20 ग्रॅमच्या बीबीवर (म्हणजे प्लॅस्टिकच्या गोळीवर) 350 च्या आसपासच मर्यादा असते, कारण समोरचा चार-पाच पावलांवर असतो आणि तेवढ्यावरून लागलं की कातडी फुटते. एक तर आतल्यासाठी हलकी स्प्रिंग टाक नाहीतर एखाद्या दोस्ताची पिस्तूल घेऊन खेळ.

आता दाराचं. तू आउट होतो ते नळी लांब आहे म्हणून कमी आणि दारात थांबतो म्हणून जास्त. जिनिंगमध्ये बाहेर रणरणतं ऊन अन् आत अंधार, तू दारात आला की मागून उजेड, आतल्याला तुझा काळा आकार स्वच्छ दिसतो आणि तुझे डोळे उन्हातून आलेले, तुला भिंतसुद्धा दिसंना. म्हणून बाहेरच सावलीत जरा थांब, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे, घाई कुणाला आहे?

मग कोपऱ्याला चिकटू नको. सगळे चिकटतात, पिक्चरमध्ये बघून. भिंतीपासून दोन हात लांब राहा आणि आडवा सरकत एक-एक पाऊल टाक, म्हणजे खोली थोडी-थोडी उघडत जाते आणि प्रत्येक पावलाला तुला बघायला तेवढाच नवा तुकडा उरतो. कोपर, बुटाचं टोक आणि सावली या तिन्ही गोष्टी तुझ्या आधी दारात पोचतात, त्यांच्यावर ध्यान ठेव. नळी बाहेर काढून उभं राहणं म्हणजे तर मी इथं आहे म्हणून पाटी लावणं. भिंतीच्या डाव्या बाजूनं डोकवायचं असंल तिथं गन डाव्या खांद्यावर घ्यायची सवय लाव, सुरुवातीला लई अवघड जातं पण नाही घेतली तर अर्धं अंग बाहेर काढावं लागतं.

आत शिरायचं ठरलंच तर दोघं शिरा. पहिला एका कोपऱ्याकडं, दुसरा त्याच्या उलट, आणि दारात कुणीच थांबायचं नाही, पहिला थांबला की मागचा त्याच्यावर आदळतो आणि आतला एकटा दोघांना घेतो. दाराच्या मागचा कोपरा सगळे विसरतात, मी तिथंच लपतो. बोलत राहा, "डावीकडं मोकळं", "भरायलो", एवढं पुरे. आणि हायकॅप मॅगझिन (जास्त बीबी मावणारं) असंल तर ते हलवलं की आत बीबी खुळखुळतात, शांत खोलीत ते दोन खोल्या पलीकडं ऐकू जातं, मिडकॅप (कमी बीबीचं, न खुळखुळणारं) घे, खर्च करायचाच तर इथं कर.

रेड डॉटचं म्हणशील तर तो नळीच्या चार-सहा सेंटीमीटर वर बसतो. तू ड्रमच्या आडून बघतो, डॉट समोरच्याच्या छातीवर, आणि बीबी तुझ्याच ड्रमच्या काठावर टण्णकन. जवळच्या खेळात हे रोज होतं. गन अजून थोडी वर उचलायची, बस. आणि नुसता हात बाहेर काढून न बघता मारणं बंद, त्यात समोरच्याचं तोंड किती जवळ आहे ते कळतच नाही.

प्रश्न : दादा, गॉगलवर वाफ धरते, काहीच दिसत नाही. जाळीचा गॉगल घेऊ का? मी पोरांच्या टीममध्ये एकटीच मुलगी आहे, गॉगल काढला की हसतात.
– एक वाचक, जालना

उत्तर : ताई, हसू दे त्यांना, पण खेळाच्या जागेत गॉगल काढायचा नाही, वाफ धरली तर हात वर करून आउट सांग आणि बाहेर जाऊन पूस. जाळीत वाफ धरत नाही हे खरं, पण बीबी जवळून जाळीवर आपटून फुटली तर तिचे कण आत येऊ शकतात, आणि बंद जागेत सगळं जवळूनच असतं. मी जाळी फक्त तोंडाच्या खालच्या भागाला वापरतो, कारण दात तुटतात, खरंच तुटतात. डोळ्याला मात्र चारी बाजूंनी बंद बसणारा, दुहेरी काचेचा गॉगल, त्याच्यावर झेड 87+ किंवा ईएन 166 हे डोळ्यांच्या सुरक्षेच्या मानकाचे नंबर लिहिलेले बघून घे. गमछा तोंडावर बांधून वरून गॉगल लावते का? तसं असंल तर वाफ त्याच्यानंच धरते, श्वास सगळा वर जातो.

प्रश्न : डिसेंबरात माझी गॅस पिस्तूल क्रोनोवर (बीबीचा वेग मोजायच्या मशीनवर) पास झाली, एप्रिलमध्ये तीच नापास. मशीन खराब आहे का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : मशीन नाही, परभणीचं ऊन. ग्रीन गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन, 20 अंशाला त्याचा दाब साधारण साडेआठ बार आणि 40 ला तेरा-चौदा, दाब वाढला की बीबीचा वेगही मर्यादेबाहेर जातो. उन्हाळ्यात 134ए हा कमी दाबाचा गॅस वापर, 40 अंशाला तो दहाच्या आसपास राहतो. कॅन गाडीत उन्हात ठेवू नको, फुटतो. इलेक्ट्रिक गनची लिपो (लिथियम) बॅटरीपण नको.

आणि आकडा सांगताना बीबीचं वजन सांगत जा. 0.20 ची 350 आणि 0.25 ची 313, दोन्हीचा मार सारखाच, साधारण 1.14 ज्यूल. काही पोरं जड बीबी टाकून "माझी तर 320 च आहे" म्हणतात, तसल्यांना 0.20 टाकूनच मोजायला लावा. गॅसवाल्यांची पुन्हा ज्या बीबीनं खेळणार तिच्यावरही मोजा, कारण जड बीबीवर त्यांचा ज्यूल वाढू शकतो.

प्रश्न : मुलगा बाहेरच्या देशातून ऑनलाइन गन मागवतो म्हणतोय. चालतं का?
– एक पालक, लातूर

उत्तर : मागवू देऊ नका. 2016 च्या शस्त्र नियमांत एअरगनला परवान्यातून जी सूट आहे ती 0.177 इंच म्हणजे साडेचार मिलिमीटर नळीपर्यंत आणि 20 ज्यूलपर्यंत. एअरसॉफ्टची बीबी 6 मिलिमीटरची, म्हणजे नळी त्याहून मोठीच. आधी कलेक्टर ऑफिसात शस्त्र परवान्याच्या टेबलावर विचारा. आणि गन कुणाचीही असो, रस्त्यानं उघडी न्यायची नाही, बंद बॅगेत, मॅगझिन वेगळं. लांबून पोलिसाला काय, तुम्हालासुद्धा ती खरीच वाटंल.

प्रश्न : समोरचे लागलं तरी आउट म्हणत नाहीत. काय करायचं?
– एक वाचक, धाराशिव

उत्तर : त्यांना खेळायला बोलवू नका.