सात फुटांचे आजोबा, पंधरा फुटांचा पुतळा

प्रश्न : स.न.वि.वि. आमचं गाव खानापूर तालुक्यात. माझे चुलत आजोबा पंचक्रोशीत उंचीसाठी प्रसिद्ध होते. सात फुटांना दोन बोटं कमी, असं जुनी माणसं सांगतात. तरुणपणी ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते, पुढं शेती केली. अमेरिकेत जगातल्या सर्वांत उंच माणसाचा पुतळा त्याच्याच गावात आहे, त्याचा फोटो बघून युवक मंडळानं आजोबांचा पुतळा बसवायचं ठरवलंय. १५ फुटांचा पुतळा, खाली १० फुटांचा चबुतरा, जागा स्टँडसमोर रस्त्याच्या मधोमध. तुम्ही मूर्तिकार आहात, म्हणून सल्ला विचारतो.
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : १५ फुटांचा करू नका. मंडळाच्या पोरांना माझं नाव सांगून हे सांगा.

आपण बेळगावकडची माणसं पुतळे बघतच मोठी झालो. संभाजी चौकातून, चन्नम्मा चौकातून जाताना मान आपोआप वर होते. तिथं पुतळा उंचावर असणं बरोबरच आहे, कारण तिथं कर्तृत्व दाखवायचं असतं आणि कर्तृत्वाला फूटपट्टी लागत नाही. तुमच्या आजोबांचं तसं नाही. लोकांना त्यांची उंचीच आठवते. पाच फुटांच्या माणसाचाही १५ फुटांचा पुतळा होतो. मग बघणाऱ्याला कळणार कसं, की हा माणूस खरोखरच सात फुटांचा होता? उंची वाढवलीत की त्यांची खरी उंची पुसली जाईल.

तुम्ही फोटो बघितलात तो रॉबर्ट वॉडलोचा. इलिनॉय राज्यातल्या आल्टन गावी २२ फेब्रुवारी १९१८ ला जन्मला. जन्मला तेव्हा चारचौघांसारखंच बाळ होतं, पण मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून वाढीचं संप्रेरक जादा पाझरत राहिलं आणि वाढ थांबलीच नाही. त्या काळी त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. २७ जून १९४० ला डॉक्टरांनी मोजलं तेव्हा तो ८ फूट ११.१ इंच, म्हणजे २७२ सेंटिमीटर भरला. पायांत संवेदना कमी, चालायला धातूचे आधार लागायचे. त्याच आधारानं घोट्याला फोड आला, तो चिघळला आणि १५ जुलैला, वयाच्या २२ व्या वर्षी तो गेला. विसाव्या शतकातलं हे पोरगं, फोडानं गेलं. मला हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं.

आल्टनमध्ये कॉलेज अव्हेन्यूवर त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, अगदी त्याच्या मापाचा. लोक शेजारी उभे राहतात आणि आपलं डोकं त्याच्या कुठवर येतं ते बघतात. जवळच त्याच्या खुर्चीची प्रतिकृतीही ठेवली आहे. पोरं तिच्यात बसली की पाय लोंबकळतात, त्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही. आणखी एक गोष्ट मंडळाला जरूर सांगा. रिंगलिंग सर्कसबरोबर त्यानं काही काळ दौरा केला, तेव्हा उंच टोपी आणि लांब कोट घालायला त्यानं नकार दिला. आपल्या नेहमीच्या कपड्यांत उभा राहीन, म्हणाला. आहे त्या उंचीवर आणखी टोपी चढवणं त्याला नको होतं. आजोबांच्या पायाखाली १० फुटांचा चबुतरा घालताना याचा विचार व्हावा. पावसाचं पाणी साचू नये एवढा, वीतभर ओटा पुरे.

आता खरं माप कसं काढायचं. ते फौजेत होते, हे तुमचं नशीब. भरतीला उंची मोजतात. घरात डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं पुस्तक असेल तर ते शोधा, त्यात उंची लिहिलेली आहे का बघा. मात्र १८-१९ व्या वर्षानंतरही ते वाढले असतील, तेवढं लक्षात असू द्या. दुसरं, घराच्या दाराशी उभं राहून काढलेला एखादा फोटो. ते दार अजून असेल तर चौकट मोजा. पण ते चौकटीच्या पुढं उभे असतील तर फोटोत आहेत त्यापेक्षा उंच दिसणार. म्हणून त्याच जागी खुणा केलेली काठी उभी धरा, तेवढ्याच अंतरावरून नवा फोटो काढा आणि दोन्ही ताडून बघा.

त्यांच्या वहाणा कुणी जपून ठेवल्या असतील तर माझ्याकडं घेऊन या. आपल्याकडं अथणीत कोल्हापुरी चपला बनतात, एवढ्या पायाची जोडी मुद्दाम मापानं करून घेतल्याशिवाय मिळत नसणार. वॉडलोला बूट एका बूटकंपनीकडून मिळायचे, तो त्यांची जाहिरात करत गावोगाव फिरला. त्याचा बूट १८ १/२ इंचांचा होता, हात मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पावणेतेरा इंच. म्हणून सांगतो, साध्या माणसाचा साचा ताणून उंच माणूस होत नाही. हात, पाय, जबडा, सगळ्यांचं प्रमाण वेगळं असतं. आजोबांना हात धरून चालवलेली माणसं गावात असतील, त्यांना विचारा पंजा केवढा होता. ती हयात आहेत तोवरच मी मातीचं काम करीन.

धातू ब्राँझच घ्या. खानापूरच्या पावसात आणि नंतरच्या उन्हात फायबरचा रंग टिकत नाही, पुढं तडे जातात. ब्राँझ थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आक्रसतं. सात फुटांवर हा फरक सव्वा ते पावणेदोन इंचांचा होतो. इतर पुतळ्यांत तो कुणी बघत नाही, इथं मात्र तोच गावभर मोजला जाणार. उद्यमबागेत ओतकाम करणाऱ्या कुणालाही श्रिंकेज म्हणा, तो समजेल. मातीचा नमुना तेवढा मोठा धरावा लागतो, शिवाय ओतण्याआधी मेणाची प्रत करतात, तीही थोडी आक्रसते, त्याची सूट वेगळी.

फलकावर मोठमोठी विशेषणं नकोत. नाव, जन्म-मृत्यूचं साल, पलटण, आणि उंची फुटांत व सेंटिमीटरमध्ये. मराठीत लिहा, कन्नडमध्येही लिहा, आजोबांना ओळखणारी माणसं दोन्ही भाषा बोलणारी आहेत.

जागेचं मात्र पहिल्यांदा बघायला हवं. १८ जानेवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला आहे, की सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या जागांवर पुतळ्यांना राज्यांनी परवानगी देऊ नये. त्यामुळं स्टँडसमोरचा मधोमध विसरा. शाळेचं आवार किंवा घराण्याची स्वतःची जागा बघा, पंचायतीला लेखी अर्ज द्या, मंजुरी कागदावर घ्या. आपल्या भागात पुतळ्यावरून गावं कशी पेटतात हे तुम्हाला मी सांगायला नको. तो कागद हातात आला की वहाणा आणि फोटो घेऊन या, मग मापाला बसू.