डिलीट दाबलं की ढोल का सरकतो

ठाण्यातल्या पाडव्याच्या स्वागतयात्रेचं दीड तासाचं शूटिंग, दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरचं फुकट व्हर्जन, खाली एकसलग रेकॉर्ड केलेला ढोल आणि वर शॉट, आणि मधला एखादा शॉट उडवला की पुढची सगळी दृश्यं ढोलापासून सुटतात, हे तुझ्या मेसेजमध्ये वाचलं. तुझं कापणं चुकत नाहीये, तू दाबतोयस ते बटण वेगळं आहे.

रिझॉल्व्हमध्ये डिलीट दाबलं की शॉट जातो आणि त्याच्या नंतरचे सगळे शॉट डावीकडे सरकून ती जागा भरतात, याला रिपल म्हणतात. बॅकस्पेस दाबलं तर शॉट जातो पण जागा तशीच मोकळी राहते, बाकी काही हलत नाही. मुलाखत कापताना रिपल हवाच, पण खाली ताल चालू असेल तर बॅकस्पेसच दाब आणि त्या भोकात रांगोळीचा नाहीतर तलावपाळीवरच्या गर्दीचा शॉट बसव. आणि काम सुरू करायच्या आधी ढोलाच्या ट्रॅकला कुलूप लाव, ट्रॅकच्या नावापाशीच कुलपाचं चिन्ह आहे.

आता खरी मजा. टिपरू कातड्यावर पडताना दिसतं आणि आवाज दोन-तीन फ्रेम मागेपुढे आला की बघणाऱ्याला कारण कळत नाही पण खटकतं नक्की. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनमध्ये (शॉट ओळीने मांडतो ती पट्टी) एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नकोस, ऑडिओचा वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाची वरखाली होणारी रेघ, मोठा कर, टोल पडतो तिथे टोक दिसतं, तिथे एम दाबून मार्कर, म्हणजे खूण, टाक. मग टी दाबून ट्रिम मोडमध्ये जा आणि क्लिपचा मधला वरचा भाग धरून ओढ, क्लिप जागची हलत नाही, आतलं चित्र तेवढं मागेपुढे होतं. हे स्लिप. मी ढोलपथकाचे व्हिडिओ कापायला लागलो तेव्हा हे माहीतच नव्हतं, प्रत्येक शॉट काढून परत लावायचो आणि रात्र जायची, म्हणून तुला आधीच सांगतोय. दोन शॉटच्या मधली कड धरून ओढलीस तर फक्त कट सरकतो, एकूण लांबी तेवढीच राहते, तो रोल. ए दाबलं की परत साध्या मोडमध्ये.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, पहिल्या क्लिपच्या आधीच ठरव, टाइमलाइन भरल्यावर तो बदलता येत नाही. मोबाईलचं शूटिंग बऱ्याचदा बदलत्या फ्रेम रेटचं असतं, आवाज हळूहळू सुटत जाण्याचं तेही एक कारण, अशी फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून कायम फ्रेम रेटवर काढून घे.

शॉट निवडताना माऊस सोड, जे-के-एल वर बोटं ठेव (जे मागे, के थांब, एल पुढे), एल दोनदा दाबलं की दुप्पट वेगाने पळतं, आय ने सुरुवात आणि ओ ने शेवट ठरवून हवा तेवढाच तुकडा घे. दीड तासातलं दहा मिनिटांचं निवडलेलं आधी वेगळ्या टाइमलाइनमध्ये काढ. ट्रान्झिशन, रंग, टायटल यांना सध्या हात लावू नकोस, मला मनापासून वाटतं की साध्या कटवर ताल बसायला लागला की त्यातल्या निम्म्या गोष्टी लागतच नाहीत.

आज कोपिनेश्वर मंदिरासमोरचं एकच मिनिट घे, आठ-दहा शॉट, फक्त बॅकस्पेस, स्लिप आणि रोल, रिपल नाही. झालं की पाठव, टोल कुठे सुटलाय ते मी फ्रेम-फ्रेम बघून सांगतो.