सांगलीत हॉलसाठी २५ हजारांत कोणता प्रोजेक्टर घ्यावा?

विश्रामबागेत फ्लॅट, १२ बाय १५ फुटांचा हॉल, बजेट २५ हजार, बघायचे सिनेमे आणि आयपीएल. ऑनलाइन सात हजारांत ‘१२,००० ल्युमेन, ४के’ लिहिलेला प्रोजेक्टर दिसतोय, तो घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. तो घेऊ नका. का, ते सांगतो.

ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप. खोक्यावर नुसते ‘ल्युमेन’ लिहिले असतील तर तो आकडा विकणाऱ्याच्या मर्जीचा. तुम्ही ‘एएनएसआय ल्युमेन’, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले ल्युमेन, विचारा. त्यात पांढऱ्या चित्राचे नऊ भाग करून प्रत्येक भागातला उजेड मोजतात आणि सरासरी काढतात. ‘१२,००० ल्युमेन’वाले या मोजणीत कित्येकदा दोनशे-अडीचशेवर येतात. जिथे हा आकडा दिलेलाच नाही, तिथे तो सांगण्यासारखा नाही असं समजून पुढे जायचं. ‘४के सपोर्ट’चंही तसंच. ४के फाइल तो घेतो, पण भिंतीवर दाखवतो ती स्वतःच्या पॅनेलला, म्हणजे आत चित्र तयार करणाऱ्या पट्टीला, झेपेल तेवढीच. ‘नेटिव्ह रिझोल्युशन’, म्हणजे पॅनेलचे स्वतःचे पिक्सेल, १९२० बाय १०८० (फुल एचडी) असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे.

आता उजेड किती लागतो ते बघू. थिएटरच्या पडद्यावर दर चौरस फुटाला साधारण १४ ते १६ ल्युमेन धरतात. शंभर इंची (हे माप तिरपं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत) चित्र ८७ इंच रुंद आणि ४९ इंच उंच, म्हणजे जवळपास ३० चौरस फूट. म्हणून पूर्ण अंधारात, साध्या पांढऱ्या पडद्यावर, ४५०-५०० खरे ल्युमेन पुरतात. तेच २०० ल्युमेनच्या प्रोजेक्टरवर शंभर इंच लावलंत तर रात्रीचा सीन आला की नुसता काळोख. ८० इंचांवर समाधान मानलं तर ३०० सुद्धा चालतात. मोठं चित्र की उजळ चित्र, हे घेण्याआधीच ठरवा.

खरी गंमत जागेची आहे. या बजेटमधल्या बऱ्याच प्रोजेक्टरांना ऑप्टिकल झूम (लेन्सनेच चित्र लहान-मोठं करायची सोय) नसतो, त्यामुळे चित्र केवढं पडणार हे अंतरच ठरवतं. माहितीत ‘थ्रो रेशो’ दिलेला असतो, समजा १.३५. लेन्सपासून पडद्यापर्यंतच्या अंतराला त्याने भागलं की चित्राची रुंदी मिळते. तुम्ही १५ फुटांच्या बाजूने मागच्या भिंतीवर लावलात तर चित्र दीडशे इंचांच्या घरात जाईल आणि तोच उजेड दुपटीहून जास्त जागेवर पसरेल. त्यापेक्षा पडदा लांब भिंतीवर घ्या आणि समोरच्या भिंतीला साडेसहा-सात फूट उंचीवर फळी ठोका. ११ फूट अंतर मिळालं तर चित्र ११२ इंचांच्या आसपास बसतं, सोफाही बरोबर अंतरावर येतो. छताला टांगायच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडे हॉलच्या मधोमध पंखा असतो आणि पाती बरोबर उजेडाच्या वाटेत येतात; एप्रिलात सांगलीत पंखा बंद ठेवून सिनेमा बघणारा मला तरी अजून भेटलेला नाही. प्रोजेक्टर शक्यतो सरळ ठेवा. तिरका ठेवून ‘किस्टोन’ने चित्र चौकोनी करता येतं, पण तेवढे पिक्सेल वाया जातात आणि कडांचा फोकस बिघडतो.

आयपीएलबद्दल स्पष्टच सांगतो. साडेसातची मॅच बघायला मजा येईल. साडेतीनची मॅच उघड्या खिडक्यांच्या हॉलमध्ये २५ हजारांचा कुठलाच प्रोजेक्टर नीट दाखवणार नाही. घरात दिवसभर बातम्या आणि मालिका चालत असतील तर याच पैशांत टीव्ही घेतलेला बरा. नाहीतर दोन-तीन हजार बाजूला काढून कापडपेठेतून जाड ब्लॅकआउट पडदे शिवून घ्या. महागड्या स्क्रीनआधी हा खर्च करा. स्क्रीन म्हणून सपाट भिंतीला बिनचमकेचा पांढरा रंग दिला तरी सुरुवातीला भागतं. ऑइलपेंट मात्र नको, मधोमध चकाकतो.

आपल्या भागातली एक गोष्ट पुण्या-मुंबईचे व्हिडिओवाले सांगत नाहीत. उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या चिमण्यांची काळी राख घरात येते. आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर सकाळी तिचे बारीक ठिपके दिसतात, हात लावला की पसरतात. अशी धूळ स्वस्त एलसीडी प्रोजेक्टरच्या पॅनेलवर बसली की चित्रात कायमचे डाग दिसतात, आणि आतून पुसणं घरी जमत नाही. म्हणून ‘सीलबंद ऑप्टिकल इंजिन’, म्हणजे लेन्स-पॅनेलचा भाग धूळ न शिरेल असा बंद, असलेलाच घ्या, आणि वापर नसताना वर कापड टाका. चालू असताना झाकू नका, हवा खेळती लागते.

आवाजाला आतल्या स्पीकरवर विसंबू नका. घरातला जुना टू-पॉइंट-वन सेट वायरने जोडा. ब्लूटूथवर आवाज कधीकधी मागे पडतो, बॅट चेंडूला लागून गेल्यावर ‘टक’ ऐकू येतं. नेटफ्लिक्स बघत असाल तर प्रोजेक्टरला त्याची अधिकृत मान्यता आहे का ते विचारा, नसेल तर टीव्हीला लावतात तशी वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावावी लागेल. म्हणजे २५ पैकी प्रोजेक्टरला १७-१८ हजारच धरा. तेवढ्यात नेटिव्ह फुल एचडी, सीलबंद, एलईडीचा मिळू शकतो.

क्लासवाले जुने लॅम्पचे प्रोजेक्टर काढतात, ते स्वस्त पडतात आणि उजेडही भरपूर असतो. पण त्यातले बरेच १०२४ बाय ७६८ चे, जवळजवळ चौकोनी चित्राचे. लॅम्प बदलायचा खर्च विचारल्यावर हौस ओसरते. घेतलाच तर मेनूत लॅम्पचे तास आधी बघा, आणि लाईट गेल्यावर तो एकदम बंद पडू नये म्हणून इन्व्हर्टरवर ठेवा.

दुकानात गेलात तर दिवे घालवून बघायचा आग्रह धरा. मोबाईलमधून बारीक अक्षरांचं एखादं पान लावा. मधे फोकस करून चारही कोपरे वाचता येतात का बघा, मग काळी स्क्रीन लावून ठिपके शोधा, आणि शेजारी उभं राहून प्रोजेक्टरच्या आतल्या पंख्याचा आवाज ऐका. ऑनलाइन मागवलात तर हेच सगळं पहिल्याच रात्री करा, परत करायची मुदत हातात असते तोवर.